त्याचे बूट राहिले

लेओन, ४ फेब्रुवारी २०१८

एफ्रा,

आईच्या पोटात पाणी साठलंय. दोनदा काढलं, पुन्हा साठलं. यकृत गेलंय म्हणतात. सरकारी दवाखान्यातल्या पोरगेल्या डॉक्टराने तिला तीनदा विचारलं, आजी, कधी घेत होता का? दोनदा तिने नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणाली, "घरातले दोघं घेत होते, डॉक्टर. त्यांचा वास लागला असेल."

डॉक्टर हसला. मला हसता आलं नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र मारिसेलाच्या पार्लरच्या पत्त्यावर पाठवतेय. बायकोवर चिडू नकोस, पत्ता मीच तिच्या मागे लागून मिळवला. दोन वर्षांपूर्वी तिने इत्सेलचा एक फोटो आईला पाठवला होता, तेव्हापासून तिचा नंबर माझ्याकडे आहे. फोटोत तुझी पोरगी कपाळाला आठ्या घालून बसलीय. आई म्हणते, ही अगदी आपल्यावर गेली.

डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत, फार तर तीन. आई तुझं नाव काढत नाही. फक्त टीव्हीवर हवामान लागलं की आवाज मोठा करायला सांगते. लेओनचं येऊन जातं तेव्हा गप्प असते. तिहुआनाचं लागलं की विचारते, "जाकीट घातलं असेल का त्याने?" मला नाही विचारत, टीव्हीला विचारते.

तू ये. मी आठ वर्षं हेच काम करतेय. औषधांच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत दर गुरुवारी व्यसनी माणसांची घरंच्या घरं माझ्यासमोर येऊन बसतात. ज्यांनी मार खाल्ला ते आणि ज्यांनी दिला ते, एकाच रांगेत. मी त्यांना सांगते की राग ज्याच्यावर असतो त्याला कमी आणि धरणाऱ्याला जास्त भाजतो. नऊ वर्षांपूर्वी आपल्या घरातून जे झालं, ते तुझा जीव वाचावा म्हणून झालं. तू वाचलास. आज तुझं गाड्यांच्या सीटांचं दुकान आहे, बायको आहे, मुलगी आहे. आता तरी हे सोडून द्यायला हवं, असं मला वाटतं. बहीण म्हणूनही, आणि या कामातली माणूस म्हणूनही.

बसने अडतीस तास लागतात. विमानाचं तिकीट हवं असेल तर मी काढते.

तुझी
ग्रिसेल्दा


लेओन, २७ फेब्रुवारी

एफ्राईन,

मारिसेलाचा फोन आला. पार्लरच्या मोरीत उभी राहून हळू आवाजात बोलत होती. तू पत्र वाचलंस आणि म्हणालास, "जिने गाडी बोलावली, तिला कळव की मी सुखरूप आहे. तिला तेवढंच हवं होतं ना?"

आई शेजारीच होती. मी तिला म्हटलं, कामाची गर्दी आहे म्हणाला. ती म्हणाली, "खोटं सांगू नको. काय म्हणाला ते सांग." मी सांगितलं. तिने पांघरुणाचा काठ सरळ केला आणि म्हणाली, "बरोबर आहे त्याचं."

तिच्या त्या 'बरोबर आहे'ने माझं डोकं फिरलंय, म्हणून हे लगेच लिहितेय.

काय बरोबर आहे? तेरा वर्षांचा असताना तू चेमा मालकाच्या कारखान्यात बुटांना तळ चिकटवायला लागलास आणि पंधराव्या वर्षी सोल्यूशनचा डबा नाकाला लावल्याशिवाय तुला उठता येईना. बाबा गेले तेव्हा तू त्यांच्या मयतीत हसत होतास, कारण तुला कोण मेलंय तेच कळत नव्हतं. मग क्रिस्टलची नशा आली. शेगडीवर घेवडा शिजत असताना तू खालचा गॅसचा सिलिंडर उचलून नेलास. आई ज्या मशीनवर बुटांची कातडी शिवून आपल्याला खायला घालत होती, ते मशीन तू विकलंस. अर्धा शिवलेला बूट सुईखालून काढायचेही कष्ट घेतले नाहीस. आणि कातडं कापायचा सुरा आईसमोर टेबलावर ठेवून म्हणालास, "आज काय विकायचं, ते तूच सांग." हे तुला आठवत नसेल. आम्हाला आठवतं.

मारिसेला सांगते की तू तिला अजून त्या सकाळचीच गोष्ट सांगतोस. पांढरी गाडी आली, चार माणसं आत शिरली, तुला अंथरुणातून उचललं. आई कपड्यांचं गाठोडं बांधून दारात तयार उभी होती. तू ओरडत होतास आणि ती अक्षर बोलली नाही. तुला गाडीत कोंबल्यावर फक्त म्हणाली, "त्याचे बूट राहिले."

अकरा महिने तू त्या अनेक्सोत, व्यसन सोडवणाऱ्यांच्या त्या खाजगी कोंडवाड्यात, होतास. तिथे काय चालतं ते मला कुणी सांगायला नको. पण आईने

जाऊ दे. तिला औषध द्यायची वेळ झाली.

ग्रिसेल्दा


लेओन, २१ मार्च

एफ्रा,

मागच्या पत्रातली भाषा चुकली. गॅसच्या सिलिंडरचं तरी लिहायला नको होतं.

आई आता उठत नाही. पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. शेजारची कुका रोज रस्सा आणते आणि आईला रोज बजावते, चायोबाई, एवढं सगळं संपवायचं. आई दोन घोट घेते आणि कुका गेली की उरलेलं मला प्यायला लावते. "तिला वाईट वाटेल, रिकामी वाटी पाठव." मरतानाही कुणाचं मन मोडायचं नाही.

परवाच्या गुरुवारचं सांगते. बेल्मोंते नावाचं एक कुटुंब येतं. बाप पितो, मोठा मुलगा त्याला मारतो, आई दोघांची बाजू घेते. मी नेहमीसारखं सांगितलं, प्रत्येकाने इतरांपासून लपवलेली एक गोष्ट बोलायची. लहानशी चालेल. मुलगा बोलला. आई बोलली. बाप, सेव्हेरो नाव त्याचं, ट्रकवर हमाल आहे, हाताची घडी घालून बसून राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "डॉक्टरबाई, तुम्ही काय लपवलंय?"

मी डॉक्टर नाही हे त्यांना सांगून दमले.

मी म्हटलं, "ही माझी वेळ नाही, सेव्हेरो. तुमची आहे." हे उत्तर आम्हाला शिकवलेलं असतं. खोलीत सगळ्यांना पटलं. त्याला नाही पटलं. तो तासभर माझ्याकडे पाहत राहिला आणि जाताना पहिल्यांदाच माझ्याशी हात मिळवला नाही.

घरी येऊन मी तुला एक पत्र लिहिलं होतं, चार पानांचं. आईला वाचून दाखवलं. तिने ते फाडायला लावलं. मी फाडेपर्यंत औषध घेईना.

म्हणून आता एवढंच, की ये. वाटेत कुठे उतरू नकोस. बसस्टँडांवर कसली कसली दुकानं असतात ते तुला माहीत आहे.

ग्रिस


लेओन, ११ एप्रिल

एफ्राईन,

आई रविवारी सकाळी गेली. काल पुरलं.

तुला कळवलं नाही, कारण तिने तसं बजावलं होतं. "मातीआधी कळवू नको. धावत निघेल, अडतीस तास एकटा बसेल, वाटेत कुठेतरी उतरेल." तिची भीती एवढीच होती. तू येणार नाहीस ही भीती तिला नव्हती. तू येशील ही होती.

मारिसेलाला मी आज सांगतेय, तेव्हा तुला हे पत्र मिळायच्या आधीच कळलं असेल.

शनिवारी दुपारी तिने माझ्याकडून पायांची नखं कापून घेतली. म्हणाली, तिकडे अशी नको जायला. मग इत्सेलचा फोटो मागितला आणि विचारलं, हिला माझ्याबद्दल काय सांगितलं असेल? मी म्हटलं, चांगलंच सांगितलं असेल.

दफनाला पन्नासेक माणसं होती. चेमा मालकही आला होता, कमरेत पार वाकलाय. त्याने विचारलं, मुलगा आला नाही? कुका म्हणाली, मुलगा उत्तरेला असतो, सुट्टी मिळाली नाही. गल्लीतली सगळी माणसं तुझ्यासाठी खोटं बोलली. तिच्यासाठी कुणी खरं बोललं नाही. मीही नाही.

आजपासून नऊ दिवस घरी जपमाळेची प्रार्थना आहे.

ग्रिसेल्दा


लेओन, १९ एप्रिल

एफ्रा,

नववा दिवस आज झाला. जमिनीवर चुन्याने काढलेला क्रूस रिवाजाप्रमाणे बायकांनी फुलांनी गोळा केला. सगळ्या गेल्या. भांडी घासून ठेवली. आता घरात मी एकटी आहे आणि मला अडवायला कुणी नाही.

गाडी मी बोलावली होती.

कागदावर आईची सही मी केली होती.

उरलेलं सविस्तर सांगते. तू उभा असशील तर बस. मारिसेला, तू आधी उघडून वाचलंस तर त्याच्याजवळ थांब.

त्या वर्षी माझं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि सरकारी आरोग्य केंद्रात उमेदवारी चालू होती. ती जागा मिळावी म्हणून मी किती डोकं फोडलं होतं ते तुला ठाऊक नाही, तू तेव्हा शुद्धीत नव्हतास. ज्या अनेक्सोत तुला नेलं तिथे मी त्याआधी सहा आठवडे जात होते, प्रबंधासाठी. तिथला म्होरक्या, ज्याला तुम्हा सगळ्यांना पाद्रिनो म्हणायला लावत, तो माझ्यासाठी खुर्ची पुसून द्यायचा. मी काय काय पाहिलं? माणसांना बाटल्यांच्या पत्र्याच्या बुचांवर गुडघे टेकून बसवलेलं पाहिलं. चौदा चौदा तास एका बाकावर बसवून दुसऱ्यांची रडगाणी ऐकायला लावलेली पाहिली. डुलकी लागली की पाणी ओतत. एका म्हाताऱ्याला ओल्या ब्लँकेटात गुंडाळून अंगणात ठेवलं होतं. प्रबंधात मी लिहिलं, 'शिस्त कडक आहे.' त्याला पारितोषिक मिळालं.

म्हणजे तुला कुठे पाठवतेय हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. आईला वाटायचं तो दवाखाना आहे.

सुरा टेबलावर ठेवलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाद्रिनोकडे गेले. त्याने फॉर्म पुढे केला. जवळच्या माणसाची सही हवी होती. माझी चालली असती, सख्खी बहीण होते. पण नोंदणी नसलेल्या जागी माणूस पाठवल्याचं केंद्रात कळलं असतं तर मला काढलं असतं. म्हणून मी तिथेच, त्याच्या टेबलावर, आईचं नाव लिहिलं. आईची सही मला शाळेपासून येत होती. तुझ्या आणि माझ्या प्रगतिपुस्तकांवर मीच तर करायचे, तू मला त्याचे पेरू द्यायचास. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "हुशार पोरगी आहेस."

त्या सकाळी साडेपाचला मी आईला उठवलं आणि सांगितलं, सहाला येतायत. ती "नको" म्हणाली. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, उद्या तो मरून पडलेला हवाय का तुला? हे वाक्य मी पुस्तकात वाचलं होतं. ते लागू पडतं, एफ्रा. नंतरही मी ते पुष्कळ आयांवर वापरलं. ती गप्प झाली. तेवढ्यात हॉर्न वाजला. तिला दुसरं काही करता येईना म्हणून ती हाताला लागतील ते तुझे कपडे गोळा करायला लागली. तू पाहिलंस ते गाठोडं पाच मिनिटांत बांधलेलं होतं. त्यात तिचा स्वतःचा एक झगाही गेला होता.

आणि बूट. 'त्याचे बूट राहिले' असं म्हणून ती तुझे बूट हातात घेऊन गाडीमागे धावली. अनवाणी, पार कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. गाडीचं दार बंद होतं. तुला दिसणं शक्यच नव्हतं. परत आली तेव्हा तिच्या टाचेत काच घुसली होती. ती मी काढली. तोवर ती माझ्याशी बोलली नाही आणि नंतर तीन आठवडे बोलली नाही.

अकरा महिन्यांनी तू दारात येऊन उभा राहिलास. अंगावर मांस नव्हतं, पण डोळे स्वच्छ होते. आत पाऊल टाकलं नाहीस. आईला म्हणालास, "कागद दाखवला मला त्यांनी. खाली तुझं नाव होतं." मी ओट्यापाशी उभी होते. हातात भाजीचा निवडुंग होता, काटे काढत होते. आईने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबली होती ती. मी काटे काढत राहिले. मग तिने तुझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, "हो. मीच केली."

तू गेलास. मी रडत तिला विचारलं, असं का बोललीस? ती म्हणाली, "तो दारात उभा होता ना, तो रागाच्या जोरावर उभा होता. राग काढून घेतला असता तर तिथेच पडला असता. त्याला रागवायला कुणीतरी हवंय. तुझं अजून सगळं व्हायचंय. माझं झालंय."

तिने मला माझी नोकरी दिली, एफ्रा. मी घेतली. आणि नंतर माझ्या गप्प बसण्याला चांगलंसं नाव दिलं. मी स्वतःला सांगायचे की एफ्राला सत्य कळलं तर तो पुन्हा व्यसनाकडे जाईल, ही जोखीम आहे, व्यावसायिकदृष्ट्या थांबणंच योग्य. आठ वर्षं हे वाक्य मला पुरलं. गुरुवारी लोकांना खरं बोलायला लावायचं आणि घरी येऊन तिच्या पायाला तेल चोळायचं.

मार्चमध्ये चार पानांत हेच लिहिलं होतं. ती म्हणाली, "नऊ वर्षं तो शुद्धीत आहे. तुझं मन हलकं व्हावं म्हणून त्याला पाडू नको." ती आता नाही आणि मी तिचं ऐकत नाहीये. हे तुझ्यासाठी करतेय की माझ्यासाठी, ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर दहा मिनिटांत सांगितलं असतं.

क्षमा मागत नाही. ती तुला द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, म्हणजे पुन्हा तुलाच काम.

ग्रिसेल्दा


तिहुआना, २६ मे

एफ्रा,

तुझ्या पत्रात दोनच ओळी होत्या. 'इत्सेलला मी सांगितलंय की माझी आई ती जन्मायच्या आधीच मेली. आता तू येऊन तिला खरं सांग. तू शिकलेली आहेस.'

मी आले. मंगळवारी तू मला बसस्टँडवरून आणलंस, वाटेत फक्त एवढंच विचारलंस की भूक लागलीय का. जेवताना मीठ मागितलंस. बुधवारी इत्सेलला माझ्यासमोर बसवलंस आणि दुकानात निघून गेलास. त्यानंतर घरात काय झालं ते तू कुणाला विचारलं नाहीस. मी सांगते.

तिला सांगितलं की तुझी आजी गेल्याच महिन्यापर्यंत होती. बाबांना वाटत होतं की आजीने त्यांना फार वाईट जागी पाठवलं, म्हणून ते तिच्याशी बोलत नव्हते. पण पाठवणारी आजी नव्हती, मी होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजी मला ओळखत होती?" म्हटलं, हो, फोटोतून. "आणि मी तिला ओळखत नव्हते." म्हटलं, नाही. ती म्हणाली, "हे बरोबर नाही, आत्या." मी आजवर शेकडो मुलांशी बोललेय. तिला एवढंच म्हटलं, नाही, बरोबर नाही. मग तिने आजी कशी होती ते विचारलं आणि मी दुपारपर्यंत सांगत बसले. मशीन कसं चालवायची, पोळ्या भाजताना गाणं कसं चुकीचं म्हणायची. ती हसली. पुन्हा म्हणायला लावलं.

आता आजचं.

सकाळी ती माझ्याजवळ चित्र काढत बसली होती. मारिसेला पार्लरमध्ये, तू दुकानात. मान खाली घालून म्हणाली, "बाबांनी एक गोष्ट आईला सांगायची नाही म्हटलंय. आत्याला सांगायची नाही असं नाही म्हटलेलं."

मी तिच्याकडे दुसरा खडू सरकवला.

"बाबा जेवायच्या सुट्टीत शटर लावतात आणि फोमच्या मागे बसतात. सीट चिकटवायचा डबा असतो ना, तो पिशवीत ओततात. मग मी हाक मारली तरी त्यांना ऐकू येत नाही."

कधीपासून, असं विचारलं. म्हणाली, "तुमचं पत्र आलं तेव्हापासून."

आपल्या आईचं म्हणणं खरं ठरलं. ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला ते नाकारता येणार नाही.

इत्सेलला मी विचारलं, तू मला सांगितलंस हे बाबांना कळलं तर चालेल का? तिने विचार केला आणि म्हणाली, "सांगा. लपवून लपवून माझं पोट दुखतं." तिला एका शब्दाने बोलू नकोस. सहा वर्षांच्या पोरीला आईपासून काही दडवायला लावलंस तू. हे आपल्या घरातलं आहे, एफ्रा, बाहेरून आलेलं नाही.

तिला घेऊन मी पार्लरमध्ये गेले. मारिसेला एका बाईच्या केसांना रंग लावत होती. तिला मोरीत नेऊन सांगितलं. तिने हातमोजे काढले, धुतले, पुन्हा घातले. म्हणाली, "तुमची पत्रं माझ्याच पत्त्यावर आली. मीच त्याच्या हातात दिली." मग म्हणाली, "गल्लीच्या टोकाला एक जागा आहे. एका फोनवर गाडी पाठवतात. चौघे येतात. बोलावू का?"

हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. मी प्रत्येकाला नाही म्हणते आणि का ते कधीच सांगत नाही. तिला मी नाही म्हटलं आणि का तेही सांगितलं. बुचांचं, ब्लँकेटाचं, सगळं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

मग तिला मी सांगितलं की पोरीला घेऊन आत्ताच्या आत्ता एन्सेनादाला माहेरी जा. ती तयार नव्हती. म्हणाली, तो एकटा पडेल, आधी मी त्याच्याशी बोलते. मीच ऐकलं नाही. एक वाजताच्या बसमध्ये दोघींना बसवून आले. तेव्हा घरी गेल्यावर कोणी दिसलं नाही तर ती तुला सोडून गेली असं समजू नकोस. तिला मी पाठवलं. तिच्या मनाविरुद्ध. यात तिचा, इत्सेलचा, कुणाचाही हात नाही.

टेकडीखालच्या सरकारी दवाखान्यात मी फोन केला. डॉक्टर आंगुलो म्हणून एक बाई आहेत, सोमवारी सकाळी आठला भेटतील. दार उघडं असतं, येणाऱ्याने आपल्या पायांनी यायचं, नको वाटलं तर उठून जायचं. मी तुला तिथे ओढून नेणार नाही. तू नाही गेलास तर मंगळवारीही विचारेन, बुधवारीही.

तू मला शिव्या घाल, हात उगार, पुन्हा कधी तोंड बघू नकोस. यावेळी राग तरी बरोबर माणसावर असेल.

आता दुपारचे सव्वादोन झालेत. तुझ्या दुकानाचं शटर खाली आहे. मी दोनदा वाजवलं, आतून आवाज आला नाही. फटीतून तो वास येतोय, चेमा मालकाच्या कारखान्याच्या गल्लीत यायचा तोच. हे पत्र खालून आत सरकवतेय. शुद्धीत आलास की पायाशी दिसेल. मी रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याच्या पायरीवर बसलेय.

शटरला बाहेरून कुलूप नाही. मी पाहून घेतलं.

ग्रिसेल्दा